लिनक्सची फाईल सिस्टिम बिघडली तर: आधी प्रत, मग दुरुस्ती

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं की आधी लाईट जाते. येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या ऑफिसात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, जुळे सोलापुरातल्या एखाद्या क्लासमध्ये, जिथं यूपीएसशिवाय संगणक चालू होता तिथं कधीकधी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा लॉगिनचा पडदा येतच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ असते: 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी; रन एफएससीके मॅन्युअली'. तिच्याखाली 'इनिट्रॅमएफएस' असं कंसात लिहिलेलं आणि पुढं लुकलुकणारा कर्सर.

हा लेख तो पडदा पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी आहे. उदाहरणं उबुंटू आणि त्याच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टिमची घेतली आहेत, कारण नवख्यांकडे बहुतेक वेळा तेच असतं. बाकीच्यांबद्दल पुढं थोडक्यात येईलच.

कमांड इथं देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. 'एफएससीके' म्हणजे एफ, एस, सी, के ही चार अक्षरं सलग, 'डेव्ह' म्हणजे डी, ई, व्ही. सुडो, माऊंट, फाईल, एक्झिट हे नेहमीचे शब्द आहेत. 'यूमाऊंट' लिहिताना मात्र लक्ष द्या: त्यात 'यू'च्या लगेच पुढं 'एम' येतो, मध्ये 'एन' नसतो. नवीन माणूस तिथं हमखास अडकतो.

बिघडतं ते नेमकं काय

फाईल सिस्टिम म्हणजे गोदाम आणि त्याची वही. गठ्ठे गोदामात पडलेले असतात. कुठला गठ्ठा कोणाचा, कुठल्या रांगेत, किती मोठा, हे वहीत असतं. लिनक्समध्ये या नोंदींना आयनोड म्हणतात. नोंद अर्धी लिहून झाली आणि वीज गेली, की वही आणि गोदाम यांचा मेळ बसत नाही. ईएक्सटी४ मध्ये यासाठी जर्नल असतं: काय बदलायचं आहे ते आधी तिथं लिहिलं जातं, मग जागेवर. म्हणून नुसती लाईट गेल्यावर बहुतेक वेळा 'रिकव्हरिंग जर्नल' अशी ओळ दिसते, दोन-चार सेकंद जातात आणि संगणक सुरळीत चालू होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

जर्नल असूनही संगणक थांबून तुम्हाला हाक मारत असेल, तर गोष्ट लाईट जाण्यापुरती नसण्याची शक्यता बरीच आहे. डिस्कचे सेक्टर खराब होत असतील, डिस्क जोडणारी साटा केबल ढिली असेल, रॅम चुकीचं लिहीत असेल, किंवा ड्राइव्हनं 'लिहून झालं' असं सांगून प्रत्यक्षात लिहिलेलंच नसेल.

आणि एफएससीके काय करतं? ते वहीचा मेळ बसवतं. मेळ बसवायला एखादी नोंद खोडावी लागली तर ते खोडतं, मग ती नोंद तुमच्या तीन वर्षांच्या बिलांची का असेना. फाईल सिस्टिम दुरुस्त झाली म्हणजे फायली वाचल्या, असा अर्थ कधीच होत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. इंटरनेटवर पहिलंच उत्तर मिळतं ते 'एफएससीके -वाय मारा आणि एंटर दाबा'. ज्या संगणकावर जपण्यासारखं काही नाही, किंवा ज्याचा कालचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर आहे, तिथं ते खुशाल करा. त्याच पडद्यावर

एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२

असं लिहायचं (पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या त्या भागाचं, नाव वरच्या ओळीत दिलेलं असतं), संपलं की 'एक्झिट'. काही मिनिटांचं काम आहे. बाकी सगळ्यांनी पुढं वाचा.

पायरी पहिली: हात थांबवा, पेन ड्राइव्ह तयार करा

संगणक परत परत चालू-बंद करून बघू नका. प्रत्येक वेळी सिस्टिम डिस्कवर काहीतरी लिहायचा प्रयत्न करते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज काढा आणि यापुढचं काहीही घरी करू नका. तो ड्राइव्ह उघडून काम करणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायचा.

आवाज नसेल तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार करा. ८ जीबीचा पुरतो. विंडोजवर रूफस नावाचं मोफत साधन हे काम करतं. त्याशिवाय एक बाहेरचा हार्ड डिस्क ड्राइव्ह लागेल, बिघडलेल्या पार्टिशनच्या एकूण आकारापेक्षा मोठा. पार्टिशन २५० जीबीचं असेल तर ५०० जीबीचा घ्या. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. मित्राकडून एका दिवसापुरता मागून आणलात तरी चालेल, पण या वस्तूवाचून पुढं जाऊ नका.

संगणक चालू करताना बूट मेनूचं बटण दाबा, डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. पेन ड्राइव्ह निवडा आणि 'ट्राय उबुंटू' घ्या. 'इन्स्टॉल'वर चुकूनही जाऊ नका.

पायरी दुसरी: डिस्क ओळखा

टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून

एलएसबीएलके -एफ

एवढं लिहा. सगळे ड्राइव्ह, त्यांची पार्टिशनं, प्रत्येकाचा प्रकार आणि कुठं माऊंट आहे, म्हणजे वापरासाठी जोडलेलं आहे, ते दिसेल. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालू केलं की नावं बदलू शकतात: कालचा एसडीए आज एसडीबी असू शकतो. नावावर विसंबू नका, आकार आणि प्रकार बघा. नुसतं 'एलएसबीएलके' लिहिलं की आकारही दिसतात. एनव्हीएमई एसएसडी असेल तर नाव 'एनव्हीएमई०एन१पी२' असं लांबलचक दिसेल. ओळखलेलं नाव कागदावर लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या कमांडमध्ये मी 'एसडीए२' लिहिलं आहे. तिथं तुमचं नाव घालायचं.

बिघडलेल्या पार्टिशनसमोर माऊंटची जागा रिकामी हवी. फाईल मॅनेजरमध्ये त्यावर क्लिक झालं असेल तर ते माऊंट झालेलं असेल. तसं दिसलं तर

सुडो यूमाऊंट /डेव्ह/एसडीए२

हे न पाळल्यामुळे फार नुकसान होतं. माऊंट असलेल्या फाईल सिस्टिमवर दुरुस्ती चालवली, की एकाच वेळी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक लिहितो आणि एफएससीके दुसरंच. थोडं बिघडलेलं होतं ते मग पुरतं बिघडतं.

पायरी तिसरी: दोष डिस्कचा आहे का ते बघा

मोबाईलचं इंटरनेट जोडून दोन साधनं बसवा:

सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स जीडीडीरेस्क्यू

दुसऱ्या नावात सुरुवातीला 'जी' जास्तीचा आहे, तो पॅकेजपुरता. आता

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

इथं पार्टिशनचा आकडा नाही, पूर्ण डिस्कचं नाव. वर 'पास्ड' असं लिहिलेलं दिसलं म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच मरणासन्न डिस्क 'पास्ड'च सांगतात. खालच्या तक्त्यात अगदी शेवटचा स्तंभ बघायचा, 'रॉ व्हॅल्यू'. ५ नंबरची ओळ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींत शून्य असेल तर चांगलं. १९७ मध्ये शून्याहून जास्त काही असेल, तर डिस्क आजारी आहे असं धरून चाला. १९९ नंबर वेगळा आहे: तो वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा. मागांच्या हादऱ्यांत चालणाऱ्या संगणकाची साटा केबल काढून, धूळ-तंतू पुसून, घट्ट बसवणं किंवा नवी घालणं हा स्वस्तातला आणि पुष्कळदा पुरेसा इलाज आहे.

एनव्हीएमई ड्राइव्हवर हे नंबर नसतात. तिथं 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही ओळ बघा.

कर्नल काय बोलतोय तेही ऐका:

सुडो डीएमईएसजी

शेवटच्या भागात 'आय/ओ एरर' पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर आजार डिस्कचा किंवा केबलचा. फक्त 'ईएक्सटी४-एफएस एरर' दिसत असेल, तर डिस्क धड असून नोंदी बिघडल्या असण्याची शक्यता जास्त.

पायरी चौथी: प्रत काढा

डिस्क धड असेल तर आधी फायली जशा दिसतात तशा बाहेर काढून घ्या. पार्टिशन वाचण्यापुरतं माऊंट करायचं:

सुडो माऊंट -ओ आरओ,नोलोड /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी

यातला 'नोलोड' महत्त्वाचा. नुसतं 'आरओ' दिलं तरी ईएक्सटी४ माऊंट होताना जर्नल चालवून डिस्कवर लिहितं. 'नोलोड' दिलं की अजिबात लिहीत नाही. मग 'एमएनटी'मधलं 'होम' फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा:

सुडो सीपी -ए /एमएनटी/होम आणि पुढं बाहेरच्या ड्राइव्हचा रस्ता

काही फायलींवर चुका येतील, त्या सोडून बाकीच्या उतरतील. झालं की 'सुडो यूमाऊंट /एमएनटी'.

डिस्क आजारी असेल तर माऊंट करू नका. प्रत्येक वाचन तिला जड जातं, म्हणून एकदाच आणि शहाणपणानं वाचायचं. टर्मिनलमध्ये बाहेरच्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन

सुडो डीडीरेस्क्यू -डी -आर३ /डेव्ह/एसडीए२ प्रत.आयएमजी प्रत.मॅप

आधी कुठून, मग कुठं. हा क्रम उलटा होता कामा नये, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्यानं वाचा. हे साधन आधी सोपे भाग भराभर उचलतं आणि अवघड जागांशी झुंज शेवटी देतं. मॅप फाईलमध्ये कुठवर आलो ते लिहिलेलं असतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम तिथून पुढं चालू होतं. आमच्याकडे हा गुण फार मोलाचा आहे. रात्रभर लागू शकतं, लागू द्या. मे महिना असेल तर संगणकाचं झाकण काढून डिस्कवर टेबल फॅनचा वारा सोडा (डिस्क स्वतः उघडायची नाही), तापलेला ड्राइव्ह जास्त चुका देतो.

प्रत निघाली की पुढची सगळी दुरुस्ती त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवायची. खालच्या कमांडमध्ये '/डेव्ह/एसडीए२'च्या जागी 'प्रत.आयएमजी' लिहिलं तरी त्या तशाच चालतात.

पायरी पाचवी: आधी नुसतं बघा, मग दुरुस्त करा

सुडो ई२एफएससीके -एफएन /डेव्ह/एसडीए२

'एफ' म्हणजे वरवर ठीक दिसलं तरी पूर्ण तपास, 'एन' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देऊन कशालाही हात न लावणं. यात चुकांची लांब यादी आली तरी लगेच धीर सोडू नका. या प्रकारात जर्नल चालवलं जात नाही, म्हणून जर्नलनंच मिटल्या असत्या अशा चुकाही यादीत येतात. यादी वाचा मात्र नक्की. तपास पाच टप्प्यांत होतो: आयनोड आणि ब्लॉक, फोल्डरांची रचना, फोल्डर एकमेकांना जोडलेले आहेत का, दुव्यांची संख्या, आणि शेवटी मोकळ्या-भरलेल्या जागेची बेरीज. चुका फक्त पाचव्या टप्प्यात असतील तर समजा की तुमच्या फायलींना धक्का लागलेला नाही. पहिल्या-दुसऱ्यात ढीग असेल तर नुकसान खरं आहे, आणि चौथ्या पायरीची प्रत पुरती निघाली आहे ना ते परत एकदा बघून या.

आता खरी दुरुस्ती:

सुडो ई२एफएससीके -एफ -झेड परत.अनडू /डेव्ह/एसडीए२

'झेड' फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. दुरुस्ती करताना जे जे ब्लॉक बदलले जातात, त्यांचा जुना मजकूर या फाईलमध्ये साठतो. ही फाईल बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा. दुरुस्ती मनासारखी झाली नाही तर 'ई२अनडू' ही कमांड, ती फाईल आणि पार्टिशनचं नाव देऊन सगळं पूर्ववत करता येतं. २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत ही सोय आहे.

दुरुस्ती चालू झाली की प्रश्न येतात. 'फिक्स' असेल तर 'वाय'. 'कनेक्ट टू लॉस्ट+फाउंड' असेल तर डोळे झाकून 'वाय'. ती फाईल वाचवण्याचीच सोय आहे. 'क्लिअर' आलं की थांबून वाचा: त्याचा अर्थ ती नोंद खोडायची का. एखाद-दुसरी असेल तर 'वाय' म्हणा. पण एकामागून एक शेकडो 'क्लिअर' यायला लागले, तर कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा. असं बहुधा डिस्क चुकीचं वाचतेय म्हणून होतं. अशा वेळी प्रतीवरच काम करायला हवं. प्रश्न साधे आणि खूप असतील तर 'ए' दाबा, पुढच्या सगळ्यांना 'हो' असं उत्तर जातं.

'बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक' असं आलं तर सुरुवातीचं मुख्य पानच खराब झालंय. त्याच्या प्रती डिस्कवर ठरावीक जागी असतात. नेहमीच्या ४ केबी ब्लॉकच्या फाईल सिस्टिमवर पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर, पुढची ९८३०४ वर.

सुडो ई२एफएससीके -बी ३२७६८ /डेव्ह/एसडीए२

ही चूक पार्टिशनचं नाव चुकल्यावरही येते, म्हणजे एसडीए२ ऐवजी एसडीए लिहिल्यावर. आधी ते तपासा. प्रतींच्या जागा शोधायला काही जण 'एमकेई२एफएस -एन' सांगतात. त्यातला 'एन' विसरला तर तीच कमांड नवी फाईल सिस्टिम बनवायला निघते. नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

दुरुस्ती संपली की 'इको $?' लिहा. ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे होत्या त्या दुरुस्त झाल्या, ४ म्हणजे अजून बाकी आहेत, ८ म्हणजे कामच नीट झालं नाही. दुरुस्ती पुन्हा एकदा चालवा, ० येईपर्यंत. दोन-तीनदा चालवूनही दर वेळी नव्या चुका निघत असतील तर डिस्क, केबल किंवा रॅम यांपैकी काहीतरी अजून चुकतंय. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा.

लॉस्ट+फाउंड उघडताना

सुटलेल्या, नाव हरवलेल्या फायली या फोल्डरमध्ये येतात. नाव म्हणजे नुसता आयनोडचा क्रमांक, त्याच्या आधी हॅशचं चिन्ह. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातला ड्राइव्ह उघडला तेव्हा यात अशा क्रमांकांची रांगच होती. मालक खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "सर, यातलं आमचं कुठलं?" अशा वेळी 'फाईल' नावाची कमांड कामी येते. हे फोल्डर साध्या वापरकर्त्याला उघडत नाही, म्हणून माऊंट केल्यावर आधी 'सुडो -आय' लिहा, मग त्या फोल्डरमध्ये जाऊन

फाईल *

लिहिलं की प्रत्येक क्रमांकासमोर तो पीडीएफ आहे, चित्र आहे, की स्प्रेडशीट, ते येतं. त्यांच्या बीएमपी डिझाइन एका बाजूला काढल्या, लघुचित्रं मोठी करून लावली, आणि किनारीची वेल, मधला मोर बघून मालकांनी स्वतःच भराभर नावं सांगितली: ही चादरीची, ही नॅपकिनची, ही गेल्या दिवाळीची ऑर्डर. तुमच्याकडेही फायली ओळखायला त्या रोज हाताळणारा माणूसच शेजारी हवा. आणखी एक: अख्खं फोल्डर सुटून आलं असेल तर फक्त त्याचं नाव हरवलेलं असतं, आतल्या फायलींची नावं शाबूत असतात. म्हणून आधी फोल्डर उघडा, सुट्या फायली नंतर.

सिस्टिमच्या स्वतःच्या फायली बिघडल्या का ते नेहमीसारखं बूट झाल्यावर 'सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय' लिहून कळतं. यादीत जे पॅकेज येईल ते पुन्हा बसवा. यादी फार लांब असेल तर डेटा सुरक्षित आहेच, नव्यानं उबुंटू टाकणं वेळ वाचवतं.

ईएक्सटी४ नसेल तर

एक्सएफएस, म्हणजे रेड हॅट आणि अल्मालिनक्स घराण्यातलं: इथं एफएससीके काहीच करत नाही, 'एक्सएफएस_रिपेअर' वापरायचं, आधी '-एन'नं नुसतं बघून. लॉग (म्हणजे इथलं जर्नल) शिल्लक असेल तर ते नकार देईल. तेव्हा एकदा माऊंट-यूमाऊंट करून बघा. '-एल' (इथं मात्र एल मोठ्या अक्षरात) हा पर्याय तो लॉग फेकून देतो, तो अगदी शेवटी. बीटीआरएफएसवर 'चेक --रिपेअर' जाणकाराच्या सांगण्याशिवाय चालवू नका. 'बीटीआरएफएस रिस्टोअर' फायली दुसरीकडे उतरवून देतं, ते आधी. फ्रीबीएसडीच्या यूएफएसवर एफएससीके आहेच. झेडएफएसला एफएससीके नसतं, तिथं 'झेडपूल स्क्रब' आणि मग 'झेडपूल स्टेटस -व्ही', ज्यात बिघडलेल्या फायलींची नावंच मिळतात.

चालू झाल्यावर

'/ईटीसी/एफएसटॅब' उघडा. प्रत्येक ओळीच्या सहाव्या, म्हणजे शेवटच्या, रकान्यातला आकडा बूटच्या वेळच्या तपासाचा आहे: मुख्य पार्टिशनला १, बाकीच्यांना २. तिथं ० असेल तर तपास होतच नाही. मुख्य ओळीत 'एरर्स=रिमाऊंट-आरओ' असू द्या, म्हणजे पुढच्या वेळी चूक दिसताच लिहिणं आपोआप थांबेल. ईएक्सटी४ वर ठरावीक काळानं होणारा पूर्ण तपास आता सुरुवातीपासून बंदच असतो. 'सुडो ट्यून२एफएस -सी ३० /डेव्ह/एसडीए२' दिलं की दर ३० माऊंटनंतर होईल. बूटला थोडा वेळ जास्त लागतो.

घरच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो उशीर होतो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. यूपीएस वेगळा असेल तर बॅटरी किती जुनी आहे ते बघा आणि पावसाळ्याआधी, एखाद्या रविवारी, काही चालू काम नसताना, प्लग काढून तो किती मिनिटं टिकतो ते मोजून घ्या.